‘गॅस गेला’, पण कुठे गेला?

फ्रीज गार होईनासा झाला की मेकॅनिकला बोलावणे जाते. तो मागची जाळी चाचपतो, कंप्रेसरला हात लावून पाहतो आणि दोन शब्दांत निदान सांगतो : गॅस गेला. मग पैशांची घासाघीस होते, नवा गॅस भरला जातो, संध्याकाळपर्यंत बर्फ धरू लागतो आणि घर पुन्हा आपल्या कामाला लागते. आधीचा गॅस गेला म्हणजे नेमका कुठे गेला, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. फ्रीजच म्हातारा होऊन भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला, की मग तर विषयच संपतो. जे आपल्या दारातून बाहेर पडले ते जगातूनच गेले, अशी आपली एक सोयीस्कर समजूत असते.

ही समजूत केवळ आपलीच आहे असे नाही. विसाव्या शतकातील एका विलक्षण हुशार आणि तितक्याच यशस्वी संशोधकाची सारी कारकीर्द याच समजुतीवर उभी होती. त्याचे नाव थॉमस मिजली. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्ती त्याची आणि घरोघरच्या फ्रीजमध्ये वर्षानुवर्षे खेळत राहिलेला वायूही त्याचाच. दोन्ही शोधांनी त्याला हयातीत मानसन्मान मिळवून दिले आणि त्याच्या मृत्यूनंतर दोन्ही शोध साऱ्या जगाला मोडीत काढावे लागले. घरातील घातक कचऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न आज शहरांना आणि गावांनाही सतावतो आहे. तो प्रश्न जिथून सुरू होतो ते ठिकाण मिजलीच्या चरित्रात अगदी स्पष्ट दिसते.

यंत्रवेड्यांच्या घरात

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, बीव्हर फॉल्स या गावी झाला. घराणे यंत्रवेड्यांचे. वडील मोटारीच्या टायरमध्ये सुधारणा करण्यात गढलेले, तर आईचे वडील जेम्स इमर्सन हे लाकूड कापण्याच्या करवतीला बदलता येणारे दाते बसविणारे संशोधक. थॉमसने १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. ज्या रसायनशास्त्राने त्याला जगभर नाव मिळाले, त्याचे शिक्षण त्याने पदवीसाठी घेतलेलेच नव्हते. ते त्याने काम करता करता मिळविले.

१९१६ साली तो ओहायो राज्यातील डेटन येथे चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. केटरिंग म्हणजे मोटारीला हँडल मारण्याच्या त्रासातून सोडविणारा, विजेच्या स्टार्टरचा जनक. त्या वेळी मोटारींपुढे एक नवीच अडचण उभी होती. इंजिनाची ताकद वाढवायला जावे तर पेट्रोल सिलिंडरमध्ये अवेळी भडकून खडखडाट करी आणि इंजिनाला मार बसे. यावर तोड काढण्याचे काम मिजलीकडे आले.

मिजलीने सुरुवात एका चुकीच्या अंदाजाने केली. बर्फाखालीही फुलणाऱ्या एका वनस्पतीची पाने लाल असतात, तेव्हा लाल रंगाने उष्णता लवकर शोषली जात असेल, असा तो अंदाज. पेट्रोल लाल करायला रंग हाताशी नव्हता म्हणून त्याने आयोडीन मिसळले आणि काय आश्चर्य, खडखड थांबली! मग दुसरे लाल रंग घालून पाहिले, तर एकाचाही उपयोग झाला नाही. गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. आयोडीन महाग आणि इंजिन गंजविणारे, म्हणून शोध पुढे चालू राहिला. अ‍ॅनिलिन झाले, सेलेनियम झाले, अंगाला लसणासारखा वास चिकटविणारे टेल्युरियम झाले. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग इंजिनात गेले आणि प्रश्न सुटला. एका गॅलनला काही घनसेंटिमीटर एवढी अल्प मात्रा पुरेशी होती.

इंजिन स्वच्छ, रस्ता मात्र...

आता नवी अडचण निघाली. जळालेले शिसे इंजिनातच साचू लागले. झडपा आणि स्पार्क प्लग खराब होऊ लागले. मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावरही उपाय काढला. पेट्रोलमध्ये ब्रोमीनचे एक संयुग घालायचे, म्हणजे शिसे त्याच्याशी संयोग पावून धुराबरोबर नळकांड्यातून बाहेर पडते. उपाय इतका नामी ठरला की पुढे ब्रोमीन पुरेनासे झाले आणि ते समुद्राच्या पाण्यातून काढण्याच्या खटाटोपातही मिजलीने लक्ष घातले.

या ठिकाणी वाचकाने क्षणभर थांबावे. शिसे इंजिनात राहिले तर अडचण, म्हणून ते बाहेर घालविण्याची एवढी चोख व्यवस्था झाली. बाहेर म्हणजे रस्त्यावर, रस्त्याकाठच्या मातीत, चालणाऱ्याच्या श्वासात. अंगण लख्ख झाडावे आणि केर शेजाऱ्याच्या दारात लोटावा, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे शेजारी म्हणजे सारे जग होते.

शिसे विषारी आहे हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते, असेही नाही. ते रोमन काळापासून माहीत होते. अल्कोहोल मिसळूनही इंजिनाची खडखड कमी होते, हेही केटरिंग आणि मिजली जाणून होते. परंतु अल्कोहोल पेट्रोलच्या मानाने खूपच जास्त प्रमाणात घालावे लागे आणि त्यावर कोणाची मक्तेदारी सांगता येण्याजोगी नव्हती. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमधील एका पंपावर नवे पेट्रोल विक्रीला आले. त्याचे नाव ठेवले ‘एथिल’. शिसे हा शब्द नावातून वगळण्यात आला. त्याच सुमारास खुद्द मिजलीला शिशाची बाधा झाली होती आणि फ्लोरिडाच्या उबदार हवेत काही आठवडे विश्रांती घेणे त्याला भाग पडले.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनविणारे कामगार एकाएकी भ्रमिष्टासारखे वागू लागले. त्यांतले ५ जण दगावले, ३० हून अधिक जणांना इस्पितळात हलवावे लागले. वृत्तपत्रांनी रान उठविले. तेव्हा ३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजली न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर आला. त्याने ते द्रव्य स्वतःच्या हातांवर ओतून घेतले आणि सुमारे मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखविली. यात काही भय नाही, हे त्याला दाखवायचे होते. स्वतःच्या आजारपणाचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने हे करावे, याला धाडस म्हणावे की हटवादीपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१९२५ च्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने या विषयावर परिषद भरविली. कारखान्यांतील विषबाधेचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तीत शिशाला कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. कारखान्यातील कामगाराला हातमोजे देता येतील, हवा खेळती ठेवता येईल. पण रस्त्यावर सांडलेल्या विषापासून रस्त्यावरच्या माणसाला कसे वाचविणार? तथापि नेमलेल्या समितीने अल्प मुदतीच्या पाहणीत बंदीसाठी पुरेसे कारण आढळले नाही असा निर्वाळा दिला आणि १९२६ मध्ये एथिल पुन्हा बाजारात आले.

स्वयंपाकघरातले विष

मिजलीचा दुसरा शोध मात्र वेगळ्या भूमीतून उगवला. घरातल्या माणसांचा जीव वाचविणे, हाच त्याचा हेतू होता आणि तो खराही होता.

१९२० च्या दशकात अमेरिका-युरोपातील घरांत विजेवरचे फ्रीज येऊ लागले होते. त्यांच्या नळ्यांतून सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड किंवा अमोनिया खेळविला जाई. नळी फुटली की हे विषारी वायू घरात पसरत. रात्री झोपेत माणसे मेल्याच्या बातम्या येत. बर्लिनमधील एक कुटुंब अशा गळतीने गेल्याचे वाचून आइनस्टाइनसारखा शास्त्रज्ञ हळहळला आणि लिओ झिलार्ड या तरुण सहकाऱ्याबरोबर हलणारे भाग नसलेला, न गळणारा फ्रीज तयार करण्यामागे लागला, असे सांगतात. आइनस्टाइनने यंत्र बदलू पाहिले. मिजलीने वायूच बदलला.

१९२८ साली केटरिंगने त्याच्यापुढे मागणी ठेवली : न पेटणारा, विषारी नसलेला, तरीही गारवा देणारा वायू हवा. अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनॅरी या सहकाऱ्यांना घेऊन मिजली मूलद्रव्यांच्या कोष्टकापुढे बसला आणि त्याची नजर फ्लोरीनवर स्थिरावली. प्रयोगासाठी अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या १-१ औंसाच्या ५ बाटल्या मिळाल्या. त्यांतली एक सहज उचलून त्यांनी वायू बनविला आणि गिनीपिगला त्यात ठेवले. त्याला काही झाले नाही. दुसऱ्या बाटलीपासून बनविलेल्या वायूने मात्र गिनीपिग मेला. तपास करता कळले, की ५ पैकी ४ बाटल्या अशुद्ध होत्या आणि त्यामुळे फॉस्जीन हा जहाल वायू तयार होत होता. पहिल्या खेपेस हाताला शुद्ध बाटली लागली नसती, तर कदाचित तो नाद तिथेच सुटला असता.

१९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने हा वायू छातीभर ओढून घेतला आणि हळूच फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखविली. विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका श्वासात सिद्ध झाले. सहा वर्षांपूर्वीच्या त्या पत्रकार परिषदेत आणि या प्रयोगात मोठा फरक होता, कारण या वेळी त्याचे म्हणणे खरे होते. फ्रिऑन या व्यापारी नावाने तो वायू घरोघर पोहोचला. फ्रीज सुरक्षित झाला. अन्न टिकू लागले, लशी टिकू लागल्या. हे श्रेय मिजलीच्या पदरात घालायलाच हवे.

त्या काळात या वायूचा धोका ओळखणे कोणाला शक्यच नव्हते. हवेतील त्याचा अत्यल्प अंश मोजू शकणारे उपकरणच नव्हते. ते जेम्स लव्हलॉकने १९५७ साली बनविले. शिशाच्या बाबतीत मिजलीने डोळे मिटले होते. फ्रिऑनच्या बाबतीत त्याला दिसणेच शक्य नव्हते. हा भेद विसरून दोन्ही शोधांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. मात्र दोहोंत एक धागा समान आहे. दोन्ही वेळा परीक्षा झाली ती वस्तू वापरात असतानाची. वापर संपल्यावर तिचे काय होते, ही परीक्षा झालीच नाही.

मिजलीचे पुढचे आयुष्य सन्मानांत गेले. १९३७ मध्ये पर्किन पदक, १९४१ मध्ये प्रीस्टली पदक, शंभराहून अधिक पेटंट आणि १९४४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्षपद. मात्र १९४० साली, ५१ व्या वर्षी त्याला पोलिओने गाठले आणि पाय गेले. त्यातही त्याचा मूळचा स्वभाव जागा राहिला. बिछान्यातून उठता यावे म्हणून त्याने दोर आणि कप्प्यांची एक जुळणी तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोरांत गळा आवळून त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ५५. आपल्या शोधांचा उत्तरार्ध पाहायला तो उरला नाही.

उत्तरार्ध

शिशाचा हिशेब मांडला तो क्लेअर पॅटरसन या भूरसायनतज्ज्ञाने. पृथ्वीचे वय शोधता शोधता त्याला जिकडेतिकडे शिसे सापडू लागले आणि १९६५ पासून त्याने उद्योगधंद्यांशी उघड वाद घेतला. लहान मुलांच्या मेंदूला शिसे कायमची इजा करते, हे निर्विवाद ठरले. भारतात १९९५ पासून महानगरांत शिसेरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० साली ते देशभर झाले. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये अल्जीरियाने मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणे थांबविले. डेटनच्या पंपापासून इथवर यायला ९८ वर्षे लागली.

फ्रिऑनचा हिशेब १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी मांडला. ज्या गुणासाठी मिजलीने तो वायू निवडला, तोच त्याचा दोष निघाला. तो कशाशीच संयोग पावत नाही, पावसाने धुतला जात नाही. म्हणून तो सावकाश वर चढत राहतो. उंचावर अतिनील किरणांनी त्याचा रेणू फुटतो, क्लोरीनचा अणू सुटा होतो आणि तो एकटा अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले भगदाड जगापुढे आले, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २०१० पर्यंत या वायूंचे उत्पादन जवळपास सर्वत्र बंद झाले. हे भगदाड साधारण २०६६ च्या सुमारास भरून येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मिजलीच्या वायूचे हवेतील आयुष्य सुमारे १०० वर्षांचे असते. म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षी जो गळाला, त्यातला पुष्कळसा अजून आपल्या डोक्यावर आहे.

दारापाशीचा प्रश्न

मिजलीला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण तसे केले की आपली सुटका होते आणि तीच नेमकी होऊ नये. उत्पादन कायद्याने थांबले, पण जे आधीच घराघरांत शिरले होते त्याची विल्हेवाट कायदा येऊन लावत नाही. मराठी मध्यमवर्गीय घरांत एके काळी फ्रीज स्वयंपाकघरात नव्हे, तर पाहुण्यांना दिसेल असा बाहेरच्या खोलीत मानाने उभा असे. त्या फ्रीजच्या नळ्यांत साधारण शे-दीडशे ग्रॅम फ्रिऑन असे आणि त्याच्या भिंतींतील फोममध्ये त्याचाच भाऊबंद, अनेकदा त्याहूनही अधिक. तापमानवाढीच्या हिशेबात या वायूचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या १०,००० किलोंहून भारी पडतो. म्हणजे दीडशे ग्रॅम गळाले की दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखे झाले.

भंगाराच्या धंद्याचा न्याय सरळ आहे. तांब्याला भाव आहे, कंप्रेसरला भाव आहे, पत्र्याला भाव आहे, वायूला नाही. म्हणून नळी कापली जाते, क्षणभर फुस्स असा आवाज येतो आणि तांबे वजनकाट्यावर चढते. दोष भंगारवाल्याचा नाही. त्याच्यामुळेच तर घरातले कितीतरी साहित्य पुन्हा वापरात येते. दोष हा, की ज्याला भाव नाही त्याची काळजी घेण्याचे पैसे कोणी देत नाही. हा वायू यंत्राने शोषून सिलिंडरमध्ये भरता येतो, शुद्ध करून पुन्हा वापरता येतो किंवा प्रखर उष्णतेत नष्ट करता येतो. जर्मनी, स्वित्झर्लंड यांसारख्या देशांत जुने फ्रीज बंद यंत्रांत फोडून फोममधला वायूसुद्धा पकडतात. युक्ती ठाऊक आहे. उणीव आहे ती वस्तू योग्य दारी पोहोचविण्याची.

आपल्याकडेही नियम झाले आहेत. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम २०१२ पासून लागू झाले, त्यांत फ्रीज-एसीसुद्धा होते आणि २०२२ मध्ये ते नियम सुधारले गेले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका यांच्या जोडीला घरगुती घातक कचरा हा तिसरा वर्ग मानला. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या बॅटऱ्या आणि सुया, हे सारे त्यात आले. दर २० चौरस किलोमीटरला असा कचरा स्वीकारणारे एक केंद्र असावे, असेही त्या नियमांत सांगितले गेले. आपल्या भागात ते केंद्र कुठे आहे, हे नगरसेवकाला किंवा प्रभाग कार्यालयात विचारून पाहण्यासारखे आहे. उत्तर मिळाले तर उत्तम. न मिळाले तर तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला पाहिजे.

दरम्यान, घराच्या हाती असलेल्या गोष्टी थोड्या पण ठाम आहेत. मेकॅनिक आला की आधी गळती बुजवायला सांगावी, मग गॅस भरायला. आणि आत उरलेला गॅस तो हवेत सोडतो की सिलिंडरमध्ये भरून घेतो, हे विचारावे. जुना फ्रीज देताना चार पैसे कमी मिळाले तरी तो कंपनीच्या बदली योजनेत किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावा. अलीकडच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ असल्याने पेट घेतो. तेव्हा नळी कापण्याची हौस तिथे जिवावर बेतू शकते. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदाराकडेच जमा करावी. कारण पेट्रोलमधून हद्दपार झालेले शिसे आज मुख्यतः बॅटरीत आहे आणि उघड्या भट्टीवर बॅटरी वितळविली की ते पुन्हा वस्तीतल्या मातीत उतरते. जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंता करण्याइतके आहे, असे युनिसेफच्या २०२० च्या अहवालात म्हटले आहे. अशी चोरट्या भट्टीवर होणारी बॅटऱ्यांची मोडतोड हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून तिथे नोंदविले आहे.

मिजलीच्या हुशारीत काही कमी नव्हते. त्याच्यापुढे ठेवलेला प्रत्येक प्रश्न त्याने सोडविला. वस्तू घरात, इंजिनात, हातात असताना कशी वागते, हेच त्याला विचारले गेले आणि त्याने त्याचेच उत्तर दिले. वस्तूचा शेवटचा दिवस कोणता आणि तो कोणाच्या अंगणात उजाडतो, हा प्रश्न ना त्याच्या मालकांनी विचारला, ना गिऱ्हाइकांनी. मालकांना आता कायदा थोडेफार विचारू लागला आहे. गिऱ्हाईक म्हणजे आपण. वस्तू विकत घेताना तिची किंमत, तिचा रंग आणि तिची वॉरंटी आपण चौकसपणे विचारतो. तिचे आयुष्य संपल्यावर ती परत कोण नेणार आणि तिच्या पोटातल्या विषाचे काय करणार, एवढा एक प्रश्न त्या यादीत घालायला काही खर्च पडत नाही.